'द लेट शिफ्ट' बघितला : कपाटात लपणारा लेनो चूक, की गप्प बसणारा लेटरमन?

उशिरा_झोपणारा

नमस्कार मंडळी. किती दिवस बघायचा बघायचा म्हणून राहिलेला 'द लेट शिफ्ट' परवा रात्री एकदाचा बघून टाकला. एचबीओने १९९६ला केलेली टीव्ही फिल्म आहे, दिग्दर्शन बेटी थॉमसचं, आणि गोष्ट म्हणजे जॉनी कार्सन रिटायर झाल्यावर एनबीसी या अमेरिकन नेटवर्कवरच्या 'टुनाईट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची खुर्ची कुणाला, जे लेनोला की डेव्हिड लेटरमनला. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की कार्सन १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षं रात्रीचा शो करत होता, त्याच्या मागोमाग साडेबाराला १९८२ पासून लेटरमन यायचा, त्यामुळे खुर्ची लेटरमनचीच असं तो स्वतः, त्याचे फॅन आणि निम्मी अमेरिका धरून चालली होती. मिळाली लेनोला.

आता माझी अडचण. मी पक्का लेटरमनवाला. जुन्या क्लिपा बघत रात्र रात्र काढतो (आयडीवरून कळलंच असेल). सिनेमा लावला तोच मुळी लेनोला शिव्या घालायच्या तयारीने. पण संपेपर्यंत मला लेनोचं तसं फार काही चुकलंय असं वाटेना, राग आला तो लेटरमनचाच! अरे बाबा तुला पाहिजे ना ती खुर्ची, मग मागशील की नाही? हा आपला घरात कुढत बसणार, स्वतःवरच चिडणार, आणि लोकांनी आपल्या मनातलं ओळखावं अशी अपेक्षा ठेवणार. तिकडे लेनो सगळ्यांशी गोड बोलून काम करून मोकळा.

तर विचारायचं असं की हे खरंच असं झालं होतं का सिनेमावाल्यांनी मीठमसाला लावलाय? विशेषतः तो लेनो कपाटात लपून साहेबांची मीटिंग ऐकतो तो सीन, तो तर मला चक्क फार्स वाटला. आणि एनबीसीला इतका साधा निर्णय का जमला नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना_टीव्हीवाला

तुम्हाला जो सीन खोटा वाटला नेमका तोच खरा आहे, गंमत बघा :)

सिनेमा ज्या पुस्तकावर आहे ते बिल कार्टरचं, तो न्यूयॉर्क टाइम्सचा टीव्ही कव्हर करणारा बातमीदार, पटकथेतही त्याचा हात आहे. म्हणजे ऐकीव गप्पा नाहीत. १९९३च्या जानेवारीची गोष्ट. लेनो आधीच खुर्चीत बसलेला, पण लेटरमन सीबीएस या दुसऱ्या नेटवर्कला चाललाय म्हटल्यावर एनबीसीच्या साहेबांची पाचावर धारण बसलेली, आणि लेनोला काढून लेटरमनला आणायचं का यावर त्यांचा फोनवर कॉन्फरन्स कॉल. लेनोला याची कुणकुण लागली. तो बरबँकच्या ऑफिसात शेजारच्या बारक्या खोलीत अंधारात जाऊन बसला आणि तिथे ऐकता ऐकता टिपणं काढली. कोण बाजूने बोललं, कोण विरुद्ध, सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी एनबीसीचा साहेब वॉरन लिटलफिल्डला (सिनेमात बॉब बालाबान) असं काही बोलला की हा हबकलाच, याला आपली मीटिंग शब्दन् शब्द कशी माहीत? लेनोने पुढे हे कधी नाकारलं नाही, स्वतःच हसत हसत कबूल केलंय.

त्या क्षणी तो देशातल्या सगळ्यात मोठ्या शोचा होस्ट होता हे लक्षात घ्या. आणि आपली नोकरी राहते का जाते हे कळायला त्याला अंधारात कान लावून बसावं लागलं. मला तो सीन फार्स नाही वाटत, करुण वाटतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. एनबीसीला निर्णय जमला नाही असं नाहीये, निर्णय त्यांनी खूप आधीच घेऊन टाकला होता आणि तो त्यांच्या हिशोबाने बरोबरही होता. हे समजायला अमेरिकन टीव्हीची एक भानगड कळली पाहिजे. एनबीसी म्हणजे एक चॅनेल नव्हे, देशभर दोनशेच्या आसपास लोकल स्टेशनं असतात, त्यातली बहुतेक दुसऱ्याच्या मालकीची, ती नेटवर्कचे कार्यक्रम दाखवतात. अकरा वाजता त्यांच्या स्वतःच्या बातम्या, त्यात त्यांची कमाई, आणि बातम्या संपल्या की साडेअकराला 'टुनाईट'. ही स्टेशनवाली मंडळी खूश नसली तर तुमचा होस्ट कितीही हुशार असो, उपयोग शून्य.

लेनोने हे ओळखलं. १९८७ पासून कार्सन सुट्टीवर असला की गेस्ट होस्ट हाच. त्यातून स्टँडअपचे कार्यक्रम करत गावोगाव फिरायचा, आणि ज्या गावात जाईल तिथल्या एनबीसीच्या स्टेशनात जाऊन मॅनेजरशी हात मिळवायचा, त्यांच्यासाठी छोट्या जाहिराती रेकॉर्ड करून द्यायचा, बातम्या वाचणाऱ्यांबरोबर फोटो काढायचा. अक्षरशः निवडणुकीचा प्रचार. आणि लेटरमन? त्याला कुणाशी गोड बोलणं म्हणजे शिक्षा. १९८६ला जनरल इलेक्ट्रिकने एनबीसीची मालक कंपनी विकत घेतली तेव्हा हा कॅमेरा घेऊन जीईच्या बिल्डिंगमध्ये नव्या मालकांना फळांची टोपली द्यायला गेला! सिक्युरिटीचा साहेब आला, हात पुढे केला, लेटरमनने हात पुढे केल्यावर आपला मागे घेतला आणि त्याच हाताने कॅमेरा बंद करायची खूण केली. लेटरमनने ती क्लिप शोमध्ये परत परत दाखवली, 'हा पहा जीईचा अधिकृत हँडशेक' म्हणून. बघणारे हसून लोळले. पण वरच्या मजल्यावरचे लोकही टीव्ही बघतातच की.

जून १९९१ला लेनोचं नाव जाहीर झालं. पुस्तकातल्या माहितीप्रमाणे आतून सौदा त्याआधीच, कार्सनने मे महिन्यात निवृत्ती जाहीर करायच्याही आधी ठरलेला होता. लेटरमन बिचारा मनात मांडे खात बसला.

आगाऊ

थोडक्यात, एकाने घरोघर पानसुपारी वाटली आणि दुसऱ्याने गाव माझं नाव घेऊन बोलवायला येईल म्हणून दारात खुर्ची टाकून वाट बघितली.

ओसरीवरची

जुना_टीव्हीवाला, छान लिहिलंय, पण लेनो एवढा साधा नव्हता हो. सगळी घाण कामं दुसऱ्याने करायची आणि याने गोरा चेहरा घेऊन फिरायचं. ती दुसरी म्हणजे हेलन कुशनिक. त्या बाईबद्दल इथे अजून कुणी अक्षर नाही काढलं? अहो सिनेमा तिचाच आहे! कॅथी बेट्सने जे काम केलंय त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब मिळालं आणि ते उगाच नाही. फोन कानाला लावून जी काय ओरडते, मी टीव्हीचा आवाज कमी केला, शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडेच भांडण चालू आहे.

ही लेनोची मॅनेजर, मग 'टुनाईट'ची एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरसुद्धा. म्हणजे नटाच्या बाजूनेही तीच आणि शोच्या बाजूनेही तीच. कार्सन असतानाच १९९१ला एका न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी छापून आली होती की एनबीसीला कार्सन नको, लेनो हवाय. ती पेरली कुणी, तर हिने. लेनोच्या पहिल्या शोला, २५ मे १९९२ला, कार्सनचं नावसुद्धा घ्यायचं नाही हा हट्टही हिचाच. तीस वर्षं ज्याने ती खुर्ची उबवली त्याचे दोन शब्दांत आभार नाहीत! ते लोकांना फार लागलं. पुढे लेनो म्हणाला की ती माझी मोठी चूक. मग त्याच दिवशी तुझ्या तोंडाला काय झालं होतं? सांगणारी ती, पण बोलणारा तू ना?

आणि आर्सेनिओ हॉल या दुसऱ्या होस्टच्या शोवर जो पाहुणा आधी जाईल त्याला आमच्याकडे बंदी, हे तर तिचं उघड चाललेलं. अखेर सप्टेंबर १९९२ मध्ये एनबीसीने तिला हाकललं, आणि तिने आणलेला तिचा माणूस मात्र तिच्यामागे बाहेर पडला नाही, खुर्चीतच राहिला.

हे सगळं लिहून झाल्यावरही मला ती सिनेमात एकटीच राक्षसीण दाखवली आहे ते खटकतं. तिचा तीन वर्षांचा मुलगा रक्त चढवल्यातून एड्स होऊन गेला होता, १९८३ला. नंतर नवरा गेला, तोही याच धंद्यात तिचा पार्टनर होता. एकटी बाई, धंदा सगळा पुरुषांचा, लेटरमनचा एजंट मायकल ओविट्झ हाच खेळ हळू आवाजात खेळला तर तो हुशार एजंट आणि ही ओरडून खेळली तर वेडी. तिने पुस्तकाच्या लेखकावर बदनामीचा दावा ठोकला होता, तो कोर्टाबाहेर मिटला. आणि सिनेमा फेब्रुवारी १९९६ला लागला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती कॅन्सरने गेली.

उशिरा_झोपणारा

@ओसरीवरची, बाप रे, मुलाचं मला माहीत नव्हतं. आता ते ओरडण्याचे सीन परत बघताना वेगळेच वाटतील.

ओविट्झबद्दल सहमत, ट्रीट विल्यम्सने तो असा काही केलाय की खोलीत आला की एसी लावल्यासारखं वाटतं. आवाज चढत नाही, घाई नाही, फक्त 'मी सगळं बघून घेतो'. आणि मग बाकीच्या नेटवर्कवाल्यांची लेटरमनसमोर रांगच लागते, एकेक जण येऊन आम्ही काय काय देऊ ते सांगतोय, स्वयंवरच जणू. फक्त नवरी मुलगी सतत खिडकीबाहेर बघत्येय, कारण मन अजून एनबीसीतच.

पण मग एक कळलं नाही, शेवटी एनबीसी त्याला खुर्ची द्यायला तयार झाली होती ना? मग तो गेला का? सिनेमात तो कार्सनला फोन करतो तिथे मला पटकन काही झेपलं नाही, झोप पण आली होती म्हणा.

जुना_टीव्हीवाला

तो फोन म्हणजे सगळ्याचा कणा आहे, तिथेच झोपलात?

एनबीसीने शेवटी जे पुढे केलं ते असं की 'टुनाईट' तुला देतो, पण आत्ता नाही, लेनोचा करार संपला की, म्हणजे १९९४च्या मे महिन्यात. वर्षभराहून जास्त थांब. तोवर गुपचूप साडेबारालाच बस. आणि लेनोला हे कुणी सांगायचं त्याचा पत्ता नाही. म्हणजे देतोय पण असं की घेणाऱ्याला लाज वाटावी. लेटरमनला तरीही मोह झाला! सीबीएस साडेअकराची वेळ देतंय, वर्षाला १ कोटी ४० लाख डॉलर देतंय, आणि याचं लक्ष त्याच जुन्या खुर्चीवर, कारण लहानपणापासून तिथे कार्सनला बघितलेलं. त्याच्या जवळचा प्रोड्युसर पीटर लासली, जो आधी कार्सनकडेच होता, त्याने त्याला सरळ सांगितलं की ही भेट नव्हे, हा अपमान आहे, जाऊन कार्सनलाच विचार. याने फोन लावला. कार्सनचं म्हणणं साधारण असं पडलं की मी तुझ्या जागी असतो तर बहुतेक निघालो असतो. झालं. ज्याच्यासारखं व्हायचं त्यानेच सांगितलं की ती जागा आता ती राहिली नाही.

१४ जानेवारी १९९३ला सीबीएसची घोषणा झाली.

सिनेमात कार्सन झालेला रिच लिटल हा कार्सनच्या नकला करूनच गाजलेला माणूस आहे, त्यामुळे फोनवरचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो. लेटरमन झालेला जॉन मायकल हिगिन्स मला बरा वाटला, लेनो झालेल्या डॅनियल रोबकला मात्र लेनोसारखी मोठी नकली हनुवटी लावून वाया घालवलाय.

ठोकळा

मला हा सिनेमा अजिबात आवडला नाही आणि इथे सगळे इतकं कौतुक करतायत म्हणून मुद्दाम लिहितोय. विनोदी माणसांवर सिनेमा आणि दीड तासात एकदाही हसू येत नाही, याला काय म्हणायचं? लेटरमन का मोठा होता हे सिनेमात कुठे दिसतं? नुसता सिगार ओढत चिडतो. लेनो का चांगला होता हेही दिसत नाही. हे दोघं सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या 'कॉमेडी स्टोअर'मध्ये एकत्र घासलेले, लेटरमन स्वतः म्हणायचा की स्टँडअपमध्ये लेनो माझ्या पुढे आहे, लेनोला देशात नाव मिळालं तेही मोठ्या प्रमाणात लेटरमनच्या शोवर परत परत जाऊन. म्हणजे मूळ दुखणं हे आहे, मित्राने मित्राची ताटातली भाकरी उचलली. ते सोडून सिनेमा धावतो वकील, एजंट, करार आणि फॅक्सच्या मागे. लेनोची हनुवटी आणि लेटरमनच्या दातांतली फट यापलीकडे माणूस दिसत नाही.

तुम्हाला लेटनाईटच्या आतली खरी घुसमट बघायची असेल तर त्याच एचबीओवर १९९२ ते १९९८ चाललेला 'द लॅरी सँडर्स शो' बघा. कल्पित होस्ट, पण करणारा गॅरी शँडलिंग कार्सनच्या खुर्चीत गेस्ट होस्ट म्हणून स्वतः बसून आलेला, त्यामुळे त्याला काही सांगायला लागत नाही. कॅमेरा बंद झाल्यावर लॅरीचा चेहरा कसा पडतो, घरी जाऊन स्वतःचाच शो पलंगावर पडून बघतो, ते दोन मिनिटांत जे सांगतं ते या सिनेमाला जमलेलं नाही.

आगाऊ

@ठोकळा, विनोदी माणसं घरी हसत नाहीत हेच तर सिनेमा सांगतोय. आमच्या आयडीलाही घरी कुणी हसत नाही.

परदेशस्थ_काका

धागा बघून राहवलं नाही. मी १९९२च्या ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेत आलो, त्यामुळे यातला अर्धा तमाशा डोळ्यासमोर झालाय. आम्ही चार पोरं एका अपार्टमेंटमध्ये, एकच टीव्ही, तोही कुणीतरी रस्त्यावर टाकलेला उचलून आणलेला, अँटेनाला फॉइल गुंडाळलं की चित्र स्थिर. इंग्रजी येतं असा समज घेऊन आलो होतो तो लेटरमनने पहिल्या आठवड्यात घालवला, प्रेक्षक हसतात आणि आम्ही एकमेकांकडे बघतो. लेनोचा विनोद मात्र लगेच कळायचा. सुरुवात, ठोसा, हशा. दिवसभर लॅबमध्ये मान मोडून आलेल्या माणसाला रात्री साडेअकराला काय पाहिजे असतं, तर हेच. तेव्हा एनबीसीवाले काही मूर्ख नव्हते एवढं माझं मत.

पण ३० ऑगस्ट १९९३ची रात्र विसरत नाही. लेटरमनचा सीबीएसवरचा पहिला शो, एड सलिव्हन थिएटरमधून. आधीचे कित्येक आठवडे पेपरात वाद चाललेला की 'टॉप टेन लिस्ट' वगैरे जे आयटम आहेत ते एनबीसीची बौद्धिक संपदा आहेत, लेटरमनला नेता येणार नाहीत. तर याचा मोनोलॉग चालू असताना एनबीसीच्या बातम्या देणारा टॉम ब्रोको स्वतः स्टेजवर चालत आला, लेटरमनच्या क्यू कार्डांमधले दोन जोक काढून घेतले, हे एनबीसीची मालमत्ता आहेत म्हणाला आणि कार्ड काखेत मारून निघून गेला! प्रेक्षकात पॉल न्यूमन उभा राहून विचारतोय, गाणाऱ्या मांजरी कुठायत, म्हणजे 'कॅट्स' हे संगीत नाटक बघायला आलेला आणि आपण चुकीच्या थिएटरात आलो असं त्याला वाटलंय. आणि बिल मरे स्प्रे पेंटचा डबा घेऊन आला आणि कोऱ्या करकरीत टेबलावर 'डेव्ह' असं रंगवून ठेवलं. आमचा तेलुगू रूममेट, जो कधीच हसायचा नाही, तो खुर्चीवरून घसरला.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं लेटरमन पुढे. लेनो संपला असंच सगळे म्हणायचे. मग १० जुलै १९९५. ह्यू ग्रांट काही दिवसांपूर्वी लॉस एंजेलिसमध्ये वेश्येबरोबर पकडला गेलेला, आणि मुलाखत आधीच ठरलेली होती ती त्याने रद्द केली नाही. लेनोने पहिलाच प्रश्न असा टाकला की अरे बाबा तू विचार तरी काय करत होतास? सगळा देश जे विचारत होता तेच त्याने विचारलं. त्या रात्रीपासून लेनो पुढे गेला तो, मधले अपवाद सोडले तर, पुढेच राहिला. म्हणजे सिनेमा १९९६च्या फेब्रुवारीत लागला तेव्हा ज्याची कीव करत लोक तो बघत होते तो हरत होता आणि ज्याला हसत होते तो जिंकत होता.

कार्सनचं एक राहिलं. निवृत्तीनंतर तो टीव्हीवर फारसा दिसलाच नाही. पण १३ मे १९९४ला तो लेटरमनच्या शोवर आला, काही न बोलता त्याच्या टेबलामागे जाऊन खुर्चीत बसला, लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, थांबेचनात, आणि तसाच हात हलवून निघून गेला. टीव्हीवरचं त्याचं शेवटचं दर्शन ते. लेनोकडे तो कधीच गेला नाही. वारस कोण, हे त्याने चालत येऊन सांगितलं, बोलून नाही. तारीख बघा, एनबीसी लेटरमनला जी खुर्ची द्यायला निघाली होती तिचा वायदा नेमका त्याच मे महिन्याचा होता.

ओसरीवरची

काका काय लिहिलंय! टेबलामागे बसण्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण हाच कार्सन जोन रिव्हर्सशी मरेपर्यंत बोलला नाही हेही लक्षात असू द्या. ती त्याची कायमची गेस्ट होस्ट, १९८६ला फॉक्स नेटवर्कने तिला स्वतःचा शो दिला आणि तिने आधी याला सांगितलं नाही, एवढ्यावरून. तिने फोन केला तर याने ठेवून दिला. राजा दिलदार होता, पण गादीकडे बघणाऱ्यांवर त्याची नजर कायम होती.

टोमॅटोसूप

एवढ्या चर्चेत २०१०चं कुणीच काढलं नाही? तीच चूक, तेच नेटवर्क, तोच लेनो!

लेटरमन गेल्यावर साडेबाराच्या जागेवर एनबीसीने कॉनन ओ'ब्रायन नावाचा कुणालाही माहीत नसलेला लेखक आणून बसवला होता, सप्टेंबर १९९३. तो पुढे जोरात चालला आणि दुसऱ्या नेटवर्कने पळवायला नको म्हणून २००४ला एनबीसीने जाहीर करून टाकलं की पाच वर्षांनी लेनो उठेल आणि हा बसेल. लेटरमनच्या वेळी ठरवलं नाही म्हणून घोटाळा झाला ना, मग आता आधीच ठरवू! पण २००९ उजाडलं तेव्हा लेनो अजून पहिल्या नंबरवर. आता याला दुसरीकडे जाऊ द्यायची भीती. मग काय केलं, तर कॉननला खुर्ची दिली जूनमध्ये आणि लेनोला सप्टेंबरपासून रोज रात्री दहाचा शो. दहाला तो आपटला, त्यामुळे अकराच्या लोकल बातम्यांचे प्रेक्षक घटले, आणि जुना_टीव्हीवाला यांनी वर सांगितलेली ती लोकल स्टेशनवाली मंडळी खवळली. ज्यांना खूश ठेवून लेनो वर आला त्यांनीच त्याचा दहाचा शो बंद पाडला.

मग एनबीसीचा तोडगा ऐका : लेनो ११:३५ला अर्धा तास, कॉनन १२:०५ला. 'टुनाईट शो' उद्यावर! कॉननने जाहीर पत्र लिहून सांगितलं की मी यात भाग घेणार नाही. २२ जानेवारी २०१०ला त्याचा शेवटचा शो, सात महिन्यांत खेळ खलास. त्याला आणि त्याच्या स्टाफला मिळून साडेचार कोटी डॉलरच्या आसपास देऊन वाटेला लावलं असं सगळीकडे छापून आलं होतं. मार्चमध्ये लेनो परत जागेवर. त्या आठवड्यांत लेटरमन रोज रात्री आपल्या शोवर ज्या काही उकळ्या फुटल्यासारखा बोलत होता, अठरा वर्षं साठवलेलं सगळं बाहेर येत होतं. आणि दुसऱ्या नेटवर्कवरचा होस्ट जिमी किमेलने तर नकली हनुवटी लावून अख्खा एक शो लेनो बनून केला. रोबकची हनुवटी कामी आली म्हणायचं.

बिल कार्टरला यावर दुसरं पुस्तक लिहायला लागलं. एकाच माणसाने एकाच नेटवर्कच्या एकाच चुकीवर दोन पुस्तकं लिहिली असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

ठोकळा

दुसऱ्या पुस्तकावर सिनेमा केला नाही ते बरं झालं. पण आता खरं म्हणजे भांडायला खुर्चीच उरली नाही. २०२३च्या लेखकांच्या संपात कोल्बेर, फॅलन, किमेल, मायर्स आणि ऑलिव्हर या पाच लेटनाईट होस्टांनी मिळून पॉडकास्ट केला, स्टाफला पैसे मिळावेत म्हणून. लेनो लेटरमन एका पॉडकास्टवर, कल्पना करा! आणि जुलै २०२५ला सीबीएसने जाहीर केलं की लेटरमनने सुरू केलेला 'लेट शो'च मे २०२६ला बंद, होस्ट बदलून नाही तर शोच बंद. कारण दिलं पैशाचं. ज्या साडेअकरासाठी एवढं रामायण झालं ती वेळच आता कुणाला नको आहे, लोक सकाळी फोनवर क्लिप बघतात.

उशिरा_झोपणारा

मंडळी, खूप खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल सिनेमा परत लावला, या वेळी न झोपता. फोनचा सीन बघितला. @जुना_टीव्हीवाला, तुमचं बरोबर, तिथे लेटरमन पहिल्यांदा कुणालातरी काहीतरी मागतो, पण मागतो ते खुर्ची नाही, सल्ला. आणि तोही चुकीच्या वेळी, सगळं होऊन गेल्यावर. माझा राग काही गेला नाही पण आता तो वेगळ्या प्रकारचा आहे.

@परदेशस्थ_काका, ब्रोकोची क्लिप शोधली, काखेत कार्ड मारून जातो तेव्हा जे चालतो ना! तीनदा बघितली.

एक शंका राहिली. हे दोघं त्यानंतर कधी समोरासमोर आलेच नाहीत का?

टोमॅटोसूप

आले की! फेब्रुवारी २०१०, कॉनन जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या मॅचमध्ये लेटरमनच्या शोची जाहिरात लागली, पंधरा सेकंदांची. सोफ्यावर लेटरमन तोंड पाडून बसलाय, ही आयुष्यातली सगळ्यात रद्दी पार्टी म्हणतोय, शेजारी टॉक शोवाली ओप्रा त्याला जरा नीट वाग म्हणत्येय, आणि कॅमेरा सरकतो तर पलीकडच्या टोकाला खुद्द जे लेनो. तो म्हणतो, मी इथे आहे म्हणून हा असं बोलतोय. बास, संपली जाहिरात. लोकांना वाटलं दोघांना वेगवेगळं शूट करून जोडलंय. नाही, खरंच एका सोफ्यावर बसले होते, एड सलिव्हन थिएटरमध्येच. बातमी फुटू नये म्हणून लेनोला वेश पालटून, खोट्या मिशा लावून आत आणलं होतं.

आगाऊ

म्हणजे लेटरमनच्या घरी गेला तोही लपूनच! सवय हो सवय.